पाऊस धो धो, तरी नळ कोरडा: पोर्तो रिकोचा पाणी-कारभार

एल युंके हे कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावरचं वर्षावन. त्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून राजधानी सान हुआन साधारण चाळीस किलोमीटरवर. आणि २०१५ च्या उन्हाळ्यात याच सान हुआनच्या कितीतरी वस्त्यांना एक दिवस पाणी आणि पुढचे दोन दिवस काहीच नाही, असं वेळापत्रक लागू झालं होतं. लोक पिंपं भरून ठेवत होते, ऐपत असलेले घरावर टाक्या बसवून घेत होते, आणि वस्त्यांमध्ये टँकर उभे राहत होते. या टँकरना तिथे 'ओआसिस' म्हणतात.

टँकर, वेळापत्रक, पिंपं हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. समजून घ्यायचं आहे ते वेगळंच: जिथे पाऊस एवढा पडतो तिथे नळ का कोरडा पडतो? या बेटाचं उत्तर नीट पाहिलं तर पावसाचा वाटा त्यात फार थोडा निघतो. धरणातला गाळ, फुटके पाइप, बंद पडणारी वीज आणि वर्षानुवर्षं पुढे ढकललेली देखभाल यांतच बहुतेक उत्तर सापडतं.

आधी संस्था कोणती ते पाहू. पोर्तो रिको हा अमेरिकेच्या अखत्यारीतला प्रदेश. रहिवासी अमेरिकी नागरिक, पण त्याला राज्याचा दर्जा नाही. भाषा स्पॅनिश. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे प्रत्येक गावाची नगरपालिका आपापली नळयोजना कशीबशी चालवायची. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नेमलेले गव्हर्नर रेक्सफर्ड टगवेल यांच्या कारकिर्दीत, मे १९४५ च्या कायद्याने, या सगळ्या योजना एका सरकारी प्राधिकरणाखाली आणल्या गेल्या. नाव लांबलचक आहे, 'आउतोरिदाद दे आक्वेदुक्तोस इ आल्कांतारियादोस', म्हणजे जलवाहिन्या आणि गटारांचं प्राधिकरण. लोक नुसतं 'आक्वेदुक्तोस' म्हणतात.

आपल्याकडे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आहे. ते बहुतेक ठिकाणी योजना आखून, बांधून स्थानिक संस्थेच्या हाती देतं. पोर्तो रिकोचं प्राधिकरण मात्र नदीतून पाणी उचलण्यापासून घरातलं मीटर वाचण्यापर्यंत आणि पुढे मोरीतलं सांडपाणी समुद्रात सोडण्यापर्यंत सगळं स्वतः करतं. बेटावरच्या साधारण ९७ टक्के लोकांना त्याचं पाणी मिळतं. शंभराहून जास्त जलशुद्धीकरण केंद्रं, पन्नासच्या आसपास सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, दोन हजारांहून जास्त पंपिंग स्टेशनं आणि हजारो मैलांचे पाइप असा पसारा आहे. व्हिएकेस आणि कुलेब्रा या शेजारच्या छोट्या बेटांचं पाणीसुद्धा मुख्य बेटावरून समुद्राखालच्या पाइपातून जातं. उरलेले लोक बहुतेक डोंगरातल्या वाड्यांमध्ये राहतात. तिथे दोनशेहून अधिक गावगाड्याच्या योजना आहेत, रहिवाशांनीच चालवलेल्या.

एकच संस्था असण्याचा फायदा बेटाची रचना पाहिली की कळतो. पूर्व-पश्चिम साधारण १६० किलोमीटर लांबीच्या या बेटाच्या मधोमध डोंगररांग आहे. समुद्रावरून ईशान्येकडून येणारे वारे तिच्यावर आदळतात, उत्तरेला भरपूर पाऊस पडतो आणि दक्षिण किनारा पर्जन्यछायेत राहतो. सह्याद्रीमुळे कोकण आणि माणदेश यांच्यात पडतो तसाच हा फरक. ग्वानिकाच्या बाजूला तर चक्क कोरडं, काटेरी जंगल आहे. दक्षिणेतली सालिनाससारखी गावं विहिरींवर जगतात आणि तिथलं भूजल वर्षानुवर्षं खाली जातंय, त्यात समुद्राचं खारं पाणी शिरतंय. प्रत्येक नगरपालिकेने आपापलं बघावं म्हटलं तर दक्षिणेतल्या गावांनी काय करायचं? एका प्राधिकरणात उत्तरेच्या बिलातून दक्षिणेचा पंप चालू शकतो. ही कल्पना मला आजही न्याय्य वाटते.

आता धरणाकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथून सुरू होतं.

सान हुआनचं मोठं धरण म्हणजे कार्राइसो, १९५३ मध्ये बांधलेलं. बांधलं तेव्हा त्यात २ कोटी ६८ लाख घनमीटर पाणी मावत होतं. १९९४ मध्ये मोजलं तेव्हा १ कोटी ४२ लाख. म्हणजे चाळीस वर्षांत जवळपास निम्मं धरण गाळाने भरलं. या धरणातून शहरासाठी रोज साधारण ३५ ते ४० कोटी लिटर पाणी उचललं जातं. हिशेब करून पाहा: नदीतून थेंबही आला नाही असं धरलं, तर नवं धरण सुमारे सत्तर दिवस पुरलं असतं, गाळ साचलेलं धरण पाच-साडेपाच आठवडे. पाऊस तेवढाच, नदी तीच, लोकही तेच. पण दुष्काळ झेलायची ताकद अर्ध्यावर आली.

म्हणूनच तिथे एक चमत्कारिक दृश्य दिसतं. जोराचा पाऊस झाला की कार्राइसो भराभर भरतं, दरवाजे उघडावे लागतात आणि पाणी समुद्राला जातं. काही महिने पाऊस ओढला की तेच धरण तळ दाखवतं. वर्षाच्या पावसाचा एकूण आकडा चांगला असून उपयोग नसतो. दोन पावसांच्या मधलं अंतर पार करायला साठा लागतो, आणि साठ्याची जागा मातीने घेतलेली असते.

ही माती येते कुठून? धरणाच्या वरच्या अंगाला काग्वासचं खोरं आहे. तिथले उतार आधी शेतीसाठी आणि मग घरांसाठी, रस्त्यांसाठी उघडे झाले. उष्ण कटिबंधातली खोल, मऊ माती, तीव्र उतार आणि त्यावर चक्रीवादळाचा पाऊस. सगळा गाळ रोज थोडा थोडा येत नाही. एका वादळात, दोन दिवसांत, कित्येक वर्षांचा गाळ येऊन बसतो. १९९४ च्या दुष्काळात सान हुआनला कडक पाणीकपात सोसावी लागली. त्यानंतर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कार्राइसोमधून साधारण ६० लाख घनमीटर गाळ काढला गेला. १९९८ मध्ये जॉर्जेस वादळाने नवा गाळ आणून टाकला. गाळ काढणं एकदाचं काम नाही, रस्त्याच्या डांबरीकरणासारखं ते ठरावीक वर्षांनी करावं लागतं, आणि त्यासाठीचे पैसे दरवर्षी बाजूला ठेवावे लागतात. नेमके तेच ठेवले जात नाहीत.

दुष्काळावर उतारा म्हणून दुसरा मार्गही निवडला गेला. पश्चिमेकडच्या आरेसिबो नदीचं पाणी राजधानीकडे आणणारी 'सुपरआक्वेदुक्तो' ही सुमारे ८० किलोमीटर लांबीची प्रचंड जलवाहिनी २००० च्या सुमारास सुरू झाली. क्षमता दिवसाला जवळपास ३८ कोटी लिटर. तिने वाटेतल्या गावांना आणि राजधानीच्या पश्चिम भागाला खरोखर आधार दिला. पण राजधानीचा पूर्व भाग कार्राइसोवरच राहिला, आणि २०१५ मध्ये दुष्काळही पूर्वेकडेच पडला. शिवाय नवं पाणी येऊन पडलं ते जुन्याच पाइपांच्या जाळ्यात.

या जाळ्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. पोर्तो रिकोत शुद्ध केलेल्या पाण्यापैकी साठ टक्क्यांच्या आसपास पाण्याचं बिल होत नाही. याला बिनहिशेबी पाणी म्हणतात. दहा लिटर पाणी नदीतून उचललं, तुरटी-क्लोरिन घालून शुद्ध केलं, वीज जाळून डोंगरावर चढवलं, आणि त्यातल्या सहा लिटरांचा एक पैसा हाती आला नाही. सिंगापूरसारख्या बेटावर हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे सगळं पाणी जमिनीत मुरत नाही. त्यातलं बरंचसं गळतं, हे खरं. पण काही पाणी म्हातारी झालेली मीटरं मोजतच नाहीत. मीटर जुनं झालं की त्याची चाकं मंदावतात, नळ हलका सोडला तर काटा हलतही नाही. काही पाणी बेकायदा जोडण्यांतून जातं, काही अग्निशमनासाठी, काही टाक्या भरून वाहण्यात. यातलं कोणतं किती, हे कळल्याशिवाय उपाय करता येत नाही, आणि ते कळायला प्रत्येक विभागात शिरणाऱ्या पाण्याचं मोजमाप लागतं. गळती शोधणं हे आधी मोजणीचं काम आहे, खोदकामाचं नंतर.

डोंगराळ प्रदेशात आणखी एक अडचण असते. वरच्या वस्तीला पाणी पोचावं म्हणून पंपाने दाब वाढवला की खालच्या वस्तीच्या पाइपांवर तो दाब बेसुमार पडतो आणि सांधे सुटतात. जागोजागी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवले, त्यांची निगा राखली, तर फुटण्याचं प्रमाण पुष्कळ घटतं. दिसायला क्षुल्लक काम. कुठल्याही मंत्र्याला व्हॉल्व्हचं उद्घाटन करावंसं वाटत नाही, आणि मला वाटतं जगभरच्या पाणीपुरवठ्याचं अर्धं दुर्दैव यातच आहे.

पाणीकपातीचा तोटाही इथेच समजतो. पाइप भरलेला आणि दाबाखाली असतो तोवर फटीतून पाणी फक्त बाहेर जातं. पुरवठा बंद केला की दाब नाहीसा होतो आणि त्याच फटीतून आजूबाजूच्या मातीतलं, प्रसंगी गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुन्हा पाणी सोडलं की अडकलेली हवा आणि दाबाचा झटका आणखी पाइप फोडतात. म्हणजे पाणी वाचवायला लावलेली कपात पाणी गढूळ करते आणि गळतीही वाढवते.

मग पैसे कुठे गेले? १९८६ नंतर या प्राधिकरणाने पाणीपट्टी वाढवलीच नाही, थेट २००५ पर्यंत. जवळपास वीस वर्षं. त्या काळात पगार वाढले, विजेचे दर वाढले, रसायनं महागली. तूट भरायला सरकारी बँकेकडून कर्ज आणि तिजोरीतून मदत घेतली गेली. दरवाढ न करणारं सरकार लोकांना प्रेमळ वाटतं, पण तो खर्च कुणाच्या तरी माथी बसतोच. इथे तो पाइपांच्या माथी बसला. २००५ पासून दोन टप्प्यांत जी वाढ झाली ती शंभर टक्क्यांच्या पुढे गेली, आणि २०१३ मध्ये पुन्हा साधारण साठ टक्के. दरवर्षी चार-पाच टक्के वाढली असती तर जी लोकांनी कुरकुरत का होईना सोसली असती, ती एकदम अंगावर आली.

मधल्या काळात खासगीकरणाचाही प्रयोग झाला. गव्हर्नर पेद्रो रोसेयो यांच्या सरकारने १९९५ मध्ये दैनंदिन कारभार एका फ्रेंच उद्योगसमूहाच्या उपकंपनीकडे सोपवला. हाच समूह पुढे व्हिव्हेंडी झाला आणि त्याचा पाण्याचा व्यवसाय व्हिओलिया नावाने वेगळा निघाला. नागपूरकरांना हे नाव परकं नाही. २०१२ मध्ये शहराचा पाणीपुरवठा ऑरेंज सिटी वॉटरकडे गेला तेव्हा व्हिओलिया त्यात भागीदार होती. पोर्तो रिकोत मात्र घडी बसली नाही. तोटा वाढत गेला, लेखा नियंत्रकांच्या अहवालांत देखभालीवर आणि हिशेबावर ताशेरे आले. २००२ मध्ये कंत्राट सुएझ समूहाच्या ओंदेओ कंपनीला दिलं, दहा वर्षांसाठी. ते २००४ मध्येच संपुष्टात आलं आणि कारभार पुन्हा सरकारकडे आला.

या प्रयोगावरून काही जण सांगतात की खासगी कंपन्या लुटारू असतात, काही सांगतात की सरकारने त्यांना हात मोकळे दिले नाहीत. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. कंत्राटाची रचनाच पाहा: पाइप, धरणं, केंद्रं यांची मालकी आणि नव्या गुंतवणुकीची जबाबदारी प्राधिकरणाकडे, रोजचं चालवणं कंपनीकडे. पाइप फुटला तर कंपनी म्हणणार पाइप जुना आहे, तो बदलणं तुमचं काम. प्राधिकरण म्हणणार निगा राखली नाही, ती तुमची चूक. आणि पाणीपट्टीचे दर १९८६ चेच. मालक बदलला तरी फुटक्या पाइपाला लागणारा पैसा कुठून येणार, हा प्रश्न तसाच राहिला.

सांडपाण्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, पण तिथली स्थिती जास्त गंभीर आहे. नळ ९७ टक्क्यांना, भुयारी गटार मात्र साठ टक्क्यांच्या आसपास लोकांना. कारण सोपं आहे. नळाचं पाणी दाबाने कुठेही चढवता येतं. गटार उताराने वाहावं लागतं. डोंगराच्या सोंडेवर विखुरलेल्या घरांना जोडायचं तर प्रत्येक दरीत एक पंपिंग स्टेशन लागतं. म्हणून तिथे सेप्टिक टँक. चिकणमातीत आणि उतारावर ते नीट मुरत नाहीत, मैला ओढ्यात उतरतो आणि ओढा धरणात जातो. कार्राइसोवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो तो या खतामुळे. मुळामुठेकाठच्या माणसाला याहून अधिक सांगायला नको.

२००६ मध्ये या सरकारी संस्थेवर खुद्द अमेरिकी सरकारने भरलेल्या फौजदारी खटल्याचा निकाल लागला. प्रक्रिया न केलेलं किंवा अर्धवट केलेलं पाणी नद्यांत सोडल्याचे १५ गंभीर गुन्हे प्राधिकरणाने कबूल केले आणि ९० लाख डॉलरचा दंड स्वीकारला. गंमत नाही, त्या यादीत पाच केंद्रं पिण्याचं पाणी शुद्ध करणारी होती. गाळणीत साठलेला चिखल तीसुद्धा तसाच ओढ्यात सोडत होती. दंडापेक्षा महत्त्वाचा होता तो न्यायालयासमोर झालेला करार: पंधरा वर्षांत केंद्रांच्या सुधारणेवर सुमारे १७० कोटी डॉलर खर्च करायचे. काही सुधारणा झाल्याही. पण पैसा कर्जाचा होता, आणि २०१५ मध्ये पोर्तो रिकोचं सरकारच कर्ज फेडण्याच्या स्थितीत राहिलं नाही. प्राधिकरणाला नवे कर्जरोखे विकता येईनात, ठेकेदारांची बिलं थकली, चालू कामं थांबली.

अशा अवस्थेत २० सप्टेंबर २०१७ ला मारिया हे चक्रीवादळ बेटावरून आडवं गेलं. संपूर्ण बेटाची वीज गेली. प्राधिकरण हे बेटावरच्या सर्वात मोठ्या वीजग्राहकांपैकी एक, त्यामुळे वीज गेली म्हणजे पाणीही गेलं. जनरेटर सगळीकडे नव्हते. होते तिथे डिझेल पोचवायला रस्ते नव्हते. सांडपाण्याचे पंप बंद पडले आणि मैला जवळच्या ओढ्यात गेला. लोक झऱ्यांतून, ओढ्यांतून पाणी आणू लागले. लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. वायव्येला ग्वाहाताका धरणाचा सांडवा खचला आणि खालच्या खोऱ्यातल्या सुमारे ७० हजार लोकांना घरं सोडायला सांगितलं गेलं. हे धरण वीज प्राधिकरणाच्या मालकीचं, त्यातलं पाणी मात्र आसपासच्या गावांच्या नळांना जाणारं. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, फियोना वादळ आलं. ते मारियाएवढं प्रखर नव्हतं, तरी पुन्हा सगळी वीज गेली आणि दोन तृतीयांशाच्या आसपास ग्राहकांचे नळ बंद झाले.

या सगळ्याखाली एक शांतपणे घडणारा बदल आहे, तो आकड्यांतच दिसतो. २००० मध्ये बेटाची लोकसंख्या ३८ लाख होती. २०२० मध्ये ३३ लाखांच्या खाली गेली. तरुण माणसं मुख्य भूमीवर निघून जातात. पाणीपुरवठ्याचा बहुतेक खर्च स्थिर असतो: पाइपाची लांबी, केंद्रांची संख्या, रात्रपाळीचा माणूस. गल्लीतली चार घरं रिकामी झाली म्हणून गल्लीतला पाइप छोटा होत नाही. तोच खर्च उरलेल्यांत वाटला जातो, बिल वाढतं, आणि उरलेले म्हणजे बहुतांश वृद्ध आणि निवृत्त. दरवाढ हवी असं मी वर म्हटलं, पण ती कुणाकडून वसूल होते हे विसरून चालणार नाही.

अलीकडे पैसा आला आहे. प्राधिकरणाने अमेरिकी केंद्र सरकारकडून घेतलेल्या कर्जांपैकी सुमारे १०० कोटी डॉलरची फेररचना २०१९ मध्ये झाली, आणि २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या आपत्ती निवारण संस्थेने मारियानंतरच्या पुनर्बांधणीसाठी प्राधिकरणाला ३७० कोटी डॉलर मंजूर केले. मंजूर झालेला पैसा पाइपात उतरायला आराखडे, परवानग्या, निविदा आणि मुख्य म्हणजे इंजिनिअर लागतात. तिथे काम हळू चालतं.

सान हुआनच्या मधोमध कान्यो मार्तिन पेन्या नावाची खाडी आहे. एकेकाळी खेड्यांतून शहरात आलेल्या गरीब कुटुंबांनी तिच्या दलदलीत भर घालून घरं उभारली. खाडी कचऱ्याने आणि गाळाने बुजली, आणि पाऊस पडला की तुंबलेलं पाणी, त्यात मैला, थेट घरात येतं. तिथल्या आठ वस्त्यांनी संघटना उभारली, २००४ मध्ये कायदा करून घेतला, जमीन सामुदायिक न्यासाच्या मालकीची करून घेतली, म्हणजे खाडी साफ झाल्यावर बिल्डरांनी त्यांना हुसकावू नये. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने २०२२ मध्ये खाडी उपसण्यासाठी १६ कोटी ३० लाख डॉलर जाहीर केले. पण खाडीखालून आणि काठावरून शहराची मोठी गटारवाहिनी आणि पिण्याच्या पाण्याची मुख्य वाहिनी जाते. त्या दोन्ही आधी हलवायला हव्यात, आणि काठावरच्या घरांना पहिल्यांदाच नीट गटार जोडून द्यायला हवं. नाहीतर उपसलेल्या खाडीत पुन्हा मैलाच वाहील. हे काम आक्वेदुक्तोसच्या वाट्याचं आहे. वस्त्यांमधले लोक बैठकांमध्ये वर्षानुवर्षं आधी त्याचीच तारीख विचारत आले आहेत.